आई अंगणात कुणाशी बोलत होती

इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचत आलो ते, खरं सांगायचं तर, हसण्यासाठी. मी बेळगावच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत काम करतो. गोष्ट समोर आली की आधी तिचं कारण शोधायचं, ही सवय. गावात कुणाला काही 'दिसलं' की टॉर्च घेऊन बघायला जाणारा मी, आणि बहुतेक वेळा तिथं उदमांजर सापडायचं. त्यामुळं स्वतःचंच काही लिहायला बसणं जड जातंय... तरी लिहितो.

आमचं घर खानापूर तालुक्यात, गुंजी स्टेशनपासून थोडं आत. वाडीतलं शेवटचं. पुढं रस्ता, मागं अंगण, अंगणाखाली भाताची खाचरं, खाचरं संपली की ओढा, आणि ओढ्यापलीकडं रान. रानातून एक पाऊलवाट येते. ती ओढा ओलांडून बांधाबांधानं चढते आणि सरळ आमच्या मागच्या अंगणात संपते. ही वाट लक्षात ठेवा.

सुट्टीला घरी आलो की मी कॅमेरा घेऊन ओढ्याकाठी बसतो. उन्हाळ्यात सगळा ओढा आटतो, एकच डबकं उरतं, आणि आजूबाजूचं सगळं रान त्यावर येतं. तिथं करवंदीच्या जाळीला हिरवी शेडनेट बांधून मी आडोसा केलाय. अशा बसण्यातून एक गोष्ट शिकलो — बिबट्या सहसा दिसत नाही, त्याची बातमी ऐकू येते. शेकरू किरकिरतं, वानरं खाकरतात, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. आवाज कुठून कुठं सरकतोय ते ऐकलं, की जनावर कुठं चाललंय ते डोळे मिटूनसुद्धा सांगता येतं.

त्या उन्हाळ्यात माझी बायको सुजाता सातव्या महिन्यात होती. तिचं माहेर उचगावचं. रविवारी तिकडची माणसं तिला बाळंतपणाला न्यायला येणार होती, त्याआधी चार दिवस गावी राहावं म्हणून आम्ही आलो होतो. त्या दुपारी जेवून ती माजघरात आडवी झाली. आई मागच्या अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. मी कॅमेरा उचलला आणि ओढ्यावर गेलो.

रानकोंबडा चार कोंबड्या घेऊन पाण्यावर आला होता. मी फोटो घेत होतो. अचानक पलीकडच्या चढावर शेकरू ओरडलं. मागोमाग वानरं. मी खूश झालो. भर दुपारी बिबट्या पाण्यावर येतोय म्हणजे नशीबच! कॅमेरा वाटेकडं वळवला आणि श्वास रोखून बसलो.

वाटेवर एक जांभळाचं झाड आहे. त्यावर सात-आठ वानरं होती, आणि सगळ्यांच्या माना खाली, वाटेकडं. मी लेन्समधून वाट बघितली. पानगळ झालेली, लख्ख ऊन पडलेलं. लपायला झुडूप नाही. वाट मोकळी होती.

आणि त्या माना वळत होत्या. सगळ्या एकदम, सावकाश. समोरून चालत जाणाऱ्या माणसाकडं ओट्यावर बसलेली माणसं बघतात ना, अगदी तशा. चढाकडून ओढ्याकडं. बिबट्याच्या दबकत चालीनं नाही, माणसाच्या चालीनं.

पाण्याजवळच्या कोंबड्या उडाल्या नाहीत. दोन्ही बाजूंना सरकल्या आणि जमिनीला चिकटून बसल्या. मधे जागा झाली. त्या जागेत मला वाळू दिसत होती, दगड दिसत होते, दुसरं काही नाही. मी बसलो होतो तिथून दगड टाकला असता तर पोचला असता, इतकं जवळ.

मग बांधावरचे बुलबुल कलकलले. मग त्याच्या वरच्या बांधावरच्या साळुंक्या. आवाज माझ्या मागं गेला आणि वर चढायला लागला. तेव्हा डोक्यात लख्ख झालं, की ही वाट जाते कुठं.

घराकडून भेकर भुंकलं. भेकर दिवसाढवळ्या घराजवळ येत नाही. मी उठलो. परत भुंकलं. जरा थांबून परत. कॅमेरा तिथंच टाकून मी बांधावरून पळत सुटलो. "आई! आत जा! सुजाता! दार लाव!" धापा टाकत, तुटक्या शब्दांत ओरडतोय. एका बांधावर पाय सुटला, गुडघा फुटला, तसाच उठून पळालो.

अंगणात पोचलो तर आई कडेला उभी. हातात रिकामा तांब्या. घाबरलेली वगैरे अजिबात नव्हती.

"आई, काय गेलं इथनं?"

तिनं झोपेतून उठवल्यासारखं माझ्याकडं बघितलं. "पाव्हणा आलता."

"कोण पाव्हणा?"

"पाणी मागितलं. दिलं. गेला की आत्ताच, रस्त्याकडं."

त्याच क्षणी घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडच्या आंब्यावर, वानरं खाकरायला लागली.

"काय म्हणाला तो?"

"इचारलं, घरात कोण कोण असतं."

"मग?"

"मग काय? सांगितलं. मी आणि ल्योक. दोघंच."

"आणि सुजाता?"

"सुजाता..." आईनं ते नाव असं उच्चारलं, जणू कुणी परकं नाव सांगितलंय. मग तिचा चेहराच बदलला. तांब्या हातातून पडला, आणि माझ्याआधी ती आत धावली.

सुजाता अंथरुणावर उठून बसली होती. घामानं चिंब. "काय झालं ओ?" मी म्हटलं, "काही नाही, बिबट्या आलाय वाटतं." आईनं तिच्या गालावर, हातावर, पोटावर हात फिरवला.

माझा ओरडा ऐकून शेजारचे परशाअण्णा कोयता घेऊन आले. रस्त्यावर कुणी पाहुणा गेलेला त्यांनी बघितला नव्हता. आम्ही अंगण बघितलं. आईनं सकाळीच सारवलेलं, कडेनं अजून ओल होती. कोंबडीची नखंसुद्धा उमटली होती. माणसाची पावलं फक्त आईची, आणि पळत आलो त्या बाजूला माझी.

"आई, पाणी कशातनं प्याला तो?"

"ओंजळ धरली. मी वरनं वतलं. तांब्याभर प्याला."

ओंजळीनं पाणी पिताना थोडं तरी खाली सांडतंच. ती जिथं उभी राहून ओतत होती म्हणाली, तिथल्या सारवणावर थेंबाचा डाग नव्हता.

परशाअण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बिबट्याच असणार बघ. आणि वैनीला, तुझ्या आईला, ऊन लागलंय. लिंबाचं सरबत दे." संध्याकाळी फॉरेस्टचा गार्ड आला. त्यानं वाट बघितली, ठसा काही मिळाला नाही, तरी "चिरते इरबहुदु," म्हणजे बिबट्या असेल, असं कन्नडमध्ये म्हणून गेला. कॅमेऱ्यात वानरांचे फोटो होते. सगळी खाली बघतायत, आणि खाली रिकामी वाट.

मीही तेच धरून बसलो. बिबट्या आणि ऊन. पण रविवारची वाट बघितली नाही. दुसऱ्याच सकाळी गाडी करून सुजाताला उचगावला सोडलं. निघताना आईनं मला गोठ्यामागं बोलावलं.

"मी तिला इसरले असं न्हाय रं," ती म्हणाली. "त्यानं इचारलं तवा ती आपल्या घरात हाय हे मला ठावंच नव्हतं. तू लगीन केलंयस हेच ठावं नव्हतं. तू तिचं नाव घेतलंस तवा एकदम सगळं परत आलं." तिनं गाडीकडं बघितलं. "तिला सांगू नगो. घाबरंल पोरगी."

मुलगी झाली. धडधाकट आहे, कुणाची नजर लागू नये. बारशानंतर एकदा उचगावला सुजाता पाळणा हलवत बसली होती, आणि आपणहून म्हणाली,

"त्या दिवशी मी झोपले नव्हते."

"कुठल्या दिवशी?"

"बिबट्याच्या. आई अंगणात एकट्याच बोलत होत्या, ते मी आतून ऐकत होते. 'हे घ्या पाणी' म्हणाल्या. समोरून माणसाचा आवाज नाही. मधे मधे भेकर भुंकायचं, इतकं जवळ की वाटलं अंगणातच आहे. भेकर भुंकून थांबलं की आई बोलायच्या. आई थांबल्या की भेकर." पाळणा हलवायचा तिचा हात थांबला. "शेवटी एकदा भुंकलं आणि आई म्हणाल्या, 'मी आणि ल्योक. दोघंच.' मला हसूच आलं ओ. म्हटलं ओरडून सांगावं, आणि मी कोण? तोंड उघडलं, तेवढ्यात हिनं पोटात अशी लाथ मारली की श्वासच अडकला. आवाज निघाला नाही. मग परत भेकर भुंकलं ते पुढच्या दारी, लांब. तोवर तुम्ही आलात. आईंना ह्यातलं काही विचारू नका हं, उगाच मनाला लावून घेतील."

मी विचारलं नाही. आईचं अर्धं मी सुजाताला सांगितलेलं नाही, आणि सुजाताचं अर्धं आईला. दोन्ही अर्धी शेजारी ठेवून आज इथं पहिल्यांदाच लिहितोय.

उन्हानं माणसाला भ्रम होतो, हे नंतर एका डॉक्टरनं सांगितलं. मान्य. वानरं वाऱ्यानं हललेल्या सावलीलाही घाबरतात. मान्य. तहानलेलं भेकर उन्हाळ्यात घरापर्यंत येऊ शकतं. तेही मान्य केलं. मग सारवणावर त्याचे खूर का नव्हते? आणि त्याचं भुंकणं आईला मराठीत कसं ऐकू आलं, ह्याचं उत्तर मी ज्याला विचारावं असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आम्ही तिघं बेळगावात राहतो. आई गाव सोडायला तयार नाही. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, मग विचारतो, "कोण आलतं काय गं?"

"न्हाय रं," ती म्हणते. "कोण येतंय हिकडं?"

आणि मग, माझ्या लक्षात आलंय, ती दर वेळी न चुकता नातीचं नाव घेते, सुजाताचं नाव घेते, माझं घेते... मोठ्यानं, एकेक करून, पाठ म्हटल्यासारखी.