मंगळवारच्या चांदण्या

कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशी बाबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "याच्यात काय दळता येते?"

आमची मूर्तिजापूरला पिठाची चक्की. मी अमरावतीहून कॉम्प्युटरचा कोर्स करून परतले होते आणि बंद पडलेल्या एका क्लासचा हा जुना डबा, किरकिऱ्या प्रिंटरसकट, आईच्या वशिल्याने घरात आणला होता. बाबांनी बजावलं, चक्कीच्या कामी आला तर ठेवू, नाहीतर अकोल्याला देऊन टाकू. अकोल्यात कोणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण डबा गेला की माझ्यासाठी स्थळं पाहायची, हे मात्र घरात परस्पर ठरून गेलं होतं. माझं डोकंच सणकलं. म्हटलं, थांबा, दाखवतेच.

ते दिवस भारनियमनाचे. शेतीचं तर विचारूच नका, पेपर उघडायची भीती वाटायची. त्याच पेपरात लाइन जाण्या-येण्याचं वेळापत्रकही छापून यायचं, पण लाइन काही पेपर वाचत नव्हती. बायका गव्हाचे डबे घेऊन आमच्या ओट्यावर ताटकळायच्या आणि शेवटी स्टेशनाकडच्या डिझेलच्या चक्कीवर जायच्या. त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक डबा बाबांच्या जिव्हारी लागायचा.

बाबांना एक सवय होती. लाइन आली की कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने "1 ला आली", गेली की "4 ला गेली". मी ते सगळं एका साध्या फाइलीत उतरवलं, एका ओळीत एक नोंद. मग एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. ती एकेक ओळ वाचायची, कोणत्या वारी कोणत्या तासाला किती वेळा लाइन होती ते मोजायची आणि तितक्या चांदण्या आडव्या रांगेत छापायची. चित्र नाही, रंग नाही, नुसत्या चांदण्या. लांब रांग दिसली तर डबा घेऊन या, रांगच नसेल तर घरी झोपा. कणकेची खळ लावून तो कागद मी चक्कीच्या दारावर चिकटवला.

आधी सगळे हसले. पोरगी लाइनची पत्रिका मांडून राहिली, असं गल्लीत झालं. पण दोन-चारदा अंदाज बरोबर निघाला आणि बायका चांदण्या पाहून यायला लागल्या. बाबा तर झाडूची काडी घेऊन मास्तरासारखे एकेक रांग समजावून सांगायचे, जणू स्क्रिप्ट त्यांनीच लिहिली होती.

अशात शेजारच्या गादीवाल्या चाचांच्या मुलीचं लग्न निघालं. बुधवारी निकाह, आणि दळायला गव्हाची पोती. ते डिझेलकडेच निघाले होते. बाबांनी त्यांना दारात अडवलं, काडी मंगळवारच्या सगळ्यात लांब रांगेवर ठेवली आणि एक वाजता पोती आणायला सांगितली. मग आत येऊन मला हळूच म्हणाले, "नाही आली तं बुधवारी हा डबा अकोल्याले."

मंगळवारी एक वाजता पोती आली, चाचा आले, डबे घेऊन अर्धी गल्ली आली. लाइन सोडून सगळे आले. दीड वाजला. चाचा मला म्हणाले, "कोई बात नहीं, बेटा." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाबा माझ्याकडे पाहतच नव्हते.

कॉम्प्युटर अर्थातच बंद. मी कॅलेंडर काढून मंगळवार चाळले आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. बाबा रात्री पाणी प्यायला उठायचे, दिवा लागलेला दिसला की तेव्हाही "1 ला आली" लिहायचे. रात्रीचा की दुपारचा, ते कशाला लिहितील? त्यांना माहीतच होतं! स्क्रिप्टला एक म्हणजे एक. मंगळवारच्या साऱ्या चांदण्या मध्यरात्रीच्या होत्या.

हे सांगायला मी बाहेर आले, तर सायकलला डबा अडकवून आमच्या भागाचा लाइनमन येत होता. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. चक्की अजून सुरू कशी नाही, असं तोच आम्हाला विचारत होता. बाबांनी नुसतं वर तारांकडे बोट केलं. त्याने तारा पाहिल्या, मग दारावरचा कागद पाहिला, रांगेवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा पडला.

"इथं तं लिहेल आहे," तो म्हणाला. "म्हंजे आमचंच चुकलं."

त्याने तिथूनच सबस्टेशनला फोन लावला आणि मंगळवारची एकची लाइन का सोडली नाही म्हणून तिकडच्या माणसाला झापलं. थोड्या वेळाने बल्ब पेटला, पट्टा फिरायला लागला. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला हसू येत होतं आणि रडूही.

चक्कीच्या आवाजात मी बाबांच्या कानाशी जाऊन चूक सांगितली. त्यांनी पोतं रिकामं करता करता ऐकून घेतलं.

"दुरुस्त नोको करू," ते म्हणाले.

डबा राहिला, स्थळंही टळली. पण पोत्याचं तोंड धरून बसलेल्या आईचा चेहरा उतरला होता. मामा जवळच्याच खेड्यात हरभऱ्याला पाणी देत होता आणि त्या आठवड्यात वावराच्या लाइनची पाळी दुपारची होती.

"आपली आली तं माह्या भावाची गेली असंन," ती म्हणाली. "ते बी छाप."

वावराच्या लाइनची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. मग संध्याकाळी लाइन आल्यावर मी मनानेच मामाच्या नावाची रांग केली, कागद संपेपर्यंत चांदण्या भरल्या आणि दारावर लावून टाकली. दुसऱ्या दिवशी लाइनमन पीठ न्यायला आला आणि त्या रांगेवरून शेवटपर्यंत बोट फिरवत गेला.

"एवढी लाइन तं जिल्ह्यातच नाही, बाई," तो म्हणाला.