नीलाबाईंचा गुंडाप्पा

आमच्या पाली गावात नीलाबाईंच्या किराणा दुकानात सगळं मिळतं, अंडी सोडून. घर लिंगायतांचं, आणि नीलाबाई त्यातल्याही कडक. एकदा नातीच्या वाढदिवसाला बीडहून आणलेला केक अंड्याचा निघाला, तर त्यांनी तो खोक्यासकट माझ्या ओट्यावर आणून ठेवला. आम्ही तो आनंदाने संपवला. शेजार असावा तर असा.

याच घरात एक कासव आहे. नात रुद्राणी पहिलीत असताना आजोबांनी, म्हणजे रुद्रप्पांनी, शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलेलं. परदेशी जातीचं, डोळ्यांमागे लाल पट्टे, बिस्किटाएवढं. "हे एवढंच राहतं," असं दुकानदार म्हणाला होता. त्याला आता आणून दाखवायला हवं! आज ते जेवणाच्या ताटाएवढं झालंय. रुद्राणी शिकायला संभाजीनगरला गेली आणि कासव नीलाबाईंच्या पदरात पडलं. त्यांनी अंगणातला धुण्याचा हौद त्याला देऊन टाकला आणि नाव ठेवलं गुंडाप्पा. मेथी निवडली की कोवळी पानं गुंडाप्पाला आणि देठं रुद्रप्पांच्या भाजीत. सोबत पाकिटातले दाणे. त्या दाण्यांत सुकी मासळी असते हे मी पाकिटावर वाचलं होतं, पण बोलले नाही. कशाला उगाच बिचाऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा?

यंदा मार्चमध्ये गुंडाप्पाचं काहीतरी बिनसलं. त्याने खाणं सोडलं. हौदाच्या भिंतीवर पाय खरवडत राहायचा आणि बाहेर काढला की तडक बेलाच्या झाडाखाली जाऊन मागच्या पायांनी माती उकरायचा. त्या झाडाची पानं नीलाबाई रोज लिंगपूजेला तोडतात.

"देवाचं झाड हाय बाबा ते! तिथं कावून घाण करतूस?" असं म्हणत त्या त्याला उचलून पुन्हा हौदात सोडायच्या. तो पुन्हा निघायचा. दोघंही सारखीच हट्टी.

मग एक दिवस त्याने धडपडही सोडली. मान लांबवून नुसता पडून राहिला. नीलाबाई माझ्या दारात आल्या आणि रडायलाच लागल्या. "वनमाला, ह्यो मरतूय गं." दुकानात भल्याभल्यांना दम भरणारी ही बाई, तिचं ते रडणं पाहून मलाही भरून आलं. "धरणात सोडून देऊ, मोकळ्या पाण्यात बरं वाटंल त्याला," असं रुद्रप्पा म्हणाले, तेव्हा त्यांना अशी एक नजर मिळाली की ते मुकाट दुकानात जाऊन बसले. आम्ही दोघींनी गुंडाप्पाला बादलीत घातलं आणि रिक्षाने बीड गाठलं.

जनावरांच्या डॉक्टरने एक्स-रे काढला. पोटात पांढरे गोल गोल गोळे दिसत होते.

"मावशी, हा गुंडाप्पा नाही, बाई आहे," डॉक्टर म्हणाला. "पोटात आठ अंडी आहेत. नर नसला तरी ही अंडी घालते, त्यातून पिल्लं निघत नाहीत. पण अंडी अडली तर जीव जाईल. माती उकरत होती का कुठं?"

नीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"बेलाखाली," त्या हळूच म्हणाल्या.

"मग तिथंच सोडा आणि लांब राहा. सगळी अंडी बाहेर आली का ते मोजून मला कळवा. आणि धरणात वगैरे सोडू नका, तिथल्या कासवांना त्रास होतो. नीट सांभाळली तर अजून वीस वर्षंही जगेल."

"म्हंजी माझ्या मागंबी ऱ्हाईल," नीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

परतताना मात्र त्या बादलीकडे बघत कपाळाला हात लावून बसल्या. अंडी, तीही आपल्या अंगणात, तीही देवाच्या झाडाखाली! मला त्यांची दया आली. म्हटलं, "काकू, आमच्या अंगणात सोडू तिला. आमच्यात चालतंय सगळं."

"तिनं तुझं अंगण न्हाई निवडलं," त्या म्हणाल्या.

घरी येताच त्यांनी स्वतः बेलाखालची माती खुरप्याने भुसभुशीत केली आणि तिच्यावर पाणी शिंपडलं. गुंडाप्पाला तिथे सोडलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीआड लपलो. बराच वेळ तो, म्हणजे ती, नुसतीच बसली होती. मग उकरायला लागली. नीलाबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. मग पहिलं अंडं खड्ड्यात पडलं, मागून दुसरं, तिसरं. काम झाल्यावर तिने मागच्या पायांनी माती लोटली आणि हौदाच्या दिशेने निघाली. नीलाबाईंनी उचलून पाण्यात ठेवताच तिने समोरची मेथी मटकावली. आम्ही दोघी लहान पोरींसारख्या हसलो.

आता अंडी मोजायची होती. मी पदर खोचून पुढे झाले, पण नीलाबाईंनी मला बाजूला सारलं. माती सावकाश दूर करून त्यांनी एक अंडं ओंजळीत घेतलं. जन्मात पहिल्यांदा.

"कोमट हाय गं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. एकेक करून सगळी काढली. डॉक्टरने सांगितली होती तेवढी भरली, एकही कमी नाही. रुद्रप्पांनी लगेच डॉक्टरला फोन लावला.

मला त्यांच्या सोवळ्याची काळजी. मी विचारलं, "काकू, अंघोळीला पाणी तापवू का?"

"कावून?" हातातल्या अंड्यावरची माती पदराने पुसत त्या म्हणाल्या. "आमच्यात बाळंतपणाचं सोयर पाळत न्हाईत."