पापडाचं पीठ आणि अक्काचं डोकं

आमच्या पाचोऱ्याच्या गल्लीत उडदाचे पापड एकटीने लाटायची पद्धत नाही. आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या. लाटणं हाताने चालतं, तोंड मोकळंच! म्हणून पापड वर्षभरात संपतात, किस्से मात्र डब्यात साठतच जातात. त्यात एका साली आम्हा सगळ्याजणींच्या मासिक पाळ्या पुढेमागे थांबायला लागल्या. मग तर काय, किस्स्यांना सुगी!

सुरुवात सिंधूअक्काने केली. ऐन पौषातली थंडी, आम्ही शाली गुंडाळून कंचनभाभीकडे बसलेलो. भाभी मारवाडी, किराणा दुकानवाली. गल्लीतला एकुलता एक फ्रीज तिचा. अक्का उठली, फ्रीज उघडला आणि आत डोकं घालून उभी राहिली!

भाभी घाबरली. "अक्का, काय शोधताय?"

आतून आवाज आला, "थंडी!"

*

मग विसरणं सुरू झालं. कपाटाच्या किल्ल्या उडदाच्या डब्यात. चष्मा देवघरात. एकदा मला हाक मारायला गल्लीत आली आणि माझं नावच आठवेना. "अवं, ती... ती... चावट!" म्हणून ओरडली. गल्लीतल्या चार घरांनी माझंच दार दाखवलं!

अक्काचा नवरा नाना मात्र हसेना. चैत्रात मुलीचं लग्न, वऱ्हाड धुळ्याचं. आमच्याकडे लग्नात मुलीकडच्या बायका वरपक्षाच्या एकेकाचं नाव घेऊन चिडवायची गाणी म्हणतात. त्यात अक्का म्हणजे वाघीण! पण नानाने फर्मान काढलं, "यंदा गाणी माझी ताई म्हणेल. तू गप बस. व्याह्यांची नावं चुकलीस तर धुळ्यात माझी अब्रू जाईल!"

त्या दिवशी अक्का माझ्याकडे आली. नेहमी भांडायला येते, तशी नाही.

"मनी माय शेवटले माले वळखेना वं. मी बी तशीच व्हसू का?"

शेवटी आईने तिला ओळखलं नव्हतं, आपलंही तसंच होईल ही तिची भीती. मला चेष्टा सुचली नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

*

तिला घेऊन मी आणि भाभी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "पाळी जाताना अंडाशयातलं हार्मोन कमी होतं. ते नुसतं पोटापुरतं नसतं, मेंदूलाही लागतं. अंग पेटतं, झोप उडते, नाव जिभेवर येऊन अडकतं. याला वेड म्हणत नाहीत. बहुतेकींचं डोकं पुढे सावरतं."

"आणि मनी मायनं?"

"तुमच्या आईचा आजार वेगळा, अक्का. म्हातारपणी तो बायकांना जास्त का गाठतो, त्यात या हार्मोनचा हात किती, हे आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण किल्ल्या हरवल्या म्हणजे तोच आजार आला, असं नाही. आणि सगळं डोक्यात कशाला कोंबता? कामाचं तेवढं ठेवा, बाकीचं खडूने भिंतीवर लिहा!"

एवढी शहाणी बाई! पण बाहेर हुडहुडी भरलेली असताना टेबलफॅन फुल स्पीडवर होता, आणि त्याचं तोंड बाईंकडेच होतं. मी विचारलं, "बाई, तुम्ही किती वर्षांच्या?"

बाई म्हणाल्या, "पुढचा पेशंट!"

*

लग्नाचे पापड लाटायची वेळ आली. पिठात मीठ आणि खार अक्काने घालायचा, बाकीच्यांनी विचारायचंही नाही, असा आमचा कायदा. पापड तळले, नानाने चव घेतली आणि थेट रांजणाकडे धावला. "बघा! हिचं डोकं गेलंय!"

अक्काचा चेहरा उतरला. मग भाभी हळूच बोलली, "नाना, मला वाटलं अक्का विसरल्या. मी एक मूठ मीठ टाकलं." ताईने मान खाली घातली. तिचीही एक मूठ! तिसऱ्या मुठीचं नाव मी सांगणार नाही, माझा उजवा हात लाजतो.

अख्ख्या परातीत माप चुकलं नव्हतं ते फक्त अक्काचं! ताई तिथल्या तिथे म्हणाली, "वहिनी, गाणी तूच म्हण."

*

लग्नात अक्का उभी राहिली. नाना खांबाआड, घामाघूम. आणि काय सांगू! नवरदेवाचे काके, मामे, आत्या, साक्रीहून आलेला चुलतमावसा, बठ्ठ्यांची नावं गाण्यात खडाखड! एकही चुकलं नाही. मांडव डोक्यावर घेतला बायकांनी!

खूश होऊन विहीणबाई म्हणाल्या, "आता नवऱ्याचं नाव घ्या!"

अक्काने पदर सावरला.

"केळीच्या पानावर वरणाची वाटी..."

आणि थांबली. आम्ही श्वास धरला. अक्काने वर पाहिलं, खाली पाहिलं. गप्पच!

नानाला राहवेना. पत्रिकेत 'डी. एस.' छापून लपवलेलं स्वतःचं नाव, खांबाआडून भर मांडवात ओरडला, "दगडू! अवं, दगडू!"

वऱ्हाड खो खो हसायला लागलं. अक्काने सावकाश मागे वळून पाहिलं.

"डाक्टरीनबाईनी सांगेल शे, कामनं तेवढंच डोकामा ठेवनं!"