वहिनींचा शब्द

वहिनी शब्दाला इतक्या पक्क्या होत्या की कधीकधी त्यांचा राग यायचा. जर्मनीत आखनला मी पीएच.डी. करत असताना एका गणपतीत त्या सहज म्हणाल्या, "भाऊजी, एकदा तुम्हाला वालाची उसळ खाऊ घालते." मी विसरूनही गेलो. तीन महिन्यांनी भर बर्फात लॅबच्या दाराशी डबा घेऊन उभ्या! वाल कोलोनहून आणलेले, मोड काढून एकेक सोललेले. मला वाल मुळीच आवडत नाहीत हे सांगायची माझी छाती झाली नाही.

आम्ही विद्यार्थी त्यांना वहिनी म्हणायचो आणि त्या आमच्यातल्या कालच्या पोरालाही अहोजाहो करायच्या. नवरा गेल्यापासून सहा वर्षं त्यांनी एकटीनं काढली होती. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी, घरी सोळा वर्षांचा मिहिर, ज्याला मराठी सगळं कळायचं पण उत्तरं जर्मनमध्येच यायची. आणि साताऱ्याला आई, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. वहिनी एकुलत्या एक. "इथे परक्यांच्या आयांना भरवते भाऊजी, आणि माझी आई शेजारणीच्या हातून जेवते," असं त्या म्हणायच्या, आणि मग विषय बदलायच्या.

जाऊन राहावं, तर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की इथला कायमचा परवाना रद्द. मग मिहिरकडे परत यायचं कसं? जर्मन नागरिकत्व मिळालं तर हा प्रश्नच उरणार नव्हता. वर्षभर मिहिरकडे मी बघेन, असं मी कबूल केलं. रजेत आईला भेटून आल्या तेव्हा त्या सांगून आल्या होत्या, "कागद झाला की वर्षभर राहायला येते. मी येईपर्यंत जायचं नाही." आई म्हणाली, "बरं."

नागरिकत्वाची परीक्षा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. एकूण तीनशे दहा प्रश्न, त्यातले तेहतीस येणार, सतरा बरोबर आले की पास. वहिनींनी तीनशे दहाच्या तीनशे दहा पाढ्यांसारखे पाठ केले. पोळ्या लाटतानाही पुटपुटणं चालूच. मी म्हटलं, "वहिनी, सतरा पुरेत हो."

"आणि नेमके न येणारेच पुढ्यात आले तर? तिकडे आई थांबलीय."

परीक्षा झाली, मग मुलाखत. मी सोबत गेलो होतो. जर्मन का व्हायचंय असं विचारलं तर 'माझं सगळं आयुष्य आता इथेच आहे' असं सांगा, हे मी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी नेमकं तेच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "आईकडे जायचंय. आणि मुलाकडे परत यायचंय." मी कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि काहीतरी लिहून घेतलं.

पुढे सात महिने काहीच कळलं नाही. ते महिने फार वाईट गेले. आई फोनवर बोलेनाशी झाली. शेजारीण रिसीव्हर तिच्या कानाशी धरायची, वहिनी एकट्याच बोलायच्या आणि पलीकडचा श्वास ऐकत बसायच्या. मुलाखतीत खरं बोलून गाडं अडकलं, असं मला वाटायचं. एकदा तसं बोलूनही गेलो.

शेवटी बोलावणं आलं. प्रमाणपत्र हाती देण्याआधी इथले कायदे पाळीन असं मोठ्यानं म्हणावं लागतं. वहिनी देवासमोर उभ्या राहिल्यासारख्या म्हणाल्या. तासाभरानं आम्ही बस स्टॉपवर उभे असताना फोन वाजला. शेजारीण होती. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते.

तातडीनं केला तरी जर्मन पासपोर्ट हातात यायला चार दिवस, त्यावर पुन्हा भारताचा व्हिसा. आणि पर्समध्ये जुना भारतीय पासपोर्ट, तासाभरापूर्वी कायद्यानं निकामी झालेला.

"कुणाला कळणार नाही वहिनी! याच्यावरच संध्याकाळचं विमान पकडा."

"आत्ताच तोंडानं म्हणून आले ना, भाऊजी?"

"अहो, आई चाललीय तुमची!" मी भर रस्त्यात ओरडलो. लोक वळून बघायला लागले. वहिनी ढसाढसा रडत होत्या, पण पर्स त्यांनी उघडली नाही. "थांबेल ती," म्हणाल्या. "बरं म्हणालीय."

पाचव्या दिवशी, फ्रँकफुर्टला व्हिसाच्या रांगेत त्यांचा नंबर यायच्या आत, आई गेल्याचा फोन आला. तरीही त्या साताऱ्याला जाऊन आल्या. वर्षभरासाठी जायचं होतं, पंधराव्या दिवशी परत आल्या.

मी भेटायला गेलो. काही बोलायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. त्याच म्हणाल्या, "डॉक्टर दोन दिवस म्हणाले होते. पाच दिवस थांबली हो ती." मग म्हणाल्या, "तुमचं ऐकायला हवं होतं."

वहिनींच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला ते ऐकायचंही नव्हतं. माझाच हुंदका आवरेना. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या.

"चला, पानं घेते. फोनवर म्हटलं होतं ना, उसळ करते म्हणून?"

वालाचीच होती. मी दोनदा मागून घेतली.