पूजेची पोथी, वाचायची पोथी

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा वाटा आहे. अप्पा कुंभकोणम्‌च्या बाजारात पितळी भांड्यांच्या दुकानात विक्रीला उभे राहायचे. गुडघे गेले तसे घरी बसले. आईची शाळा लहानपणीच सुटली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेले मराठी, घरात अजून पूर्वजांची जुनी मराठीच बोलतो. मी कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि गावातल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागले. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली चेन्नईला गेल्या, हॉस्टेलात राहिल्या. मी सकाळी घरचा दहीभात डब्यात घेऊन चालत कामाला जायची. याचा मला गर्व होता. अजून आहे.

नवरात्राच्या तोंडावर साहेबांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि तमिळमध्ये सरळ सांगितलं. आम्ही ज्यांचं काम करतो ते पुण्याचे लोक आता सगळं नव्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिणार होते. पोंगल, म्हणजे आमच्याकडची संक्रांत, झाला की ते प्रत्येकाला एक काम करायला देतील. ज्याला जमेल तो राहील. ज्याला जमणार नाही त्याला देण्यासारखं काम या ऑफिसात उरणार नाही. भाषेचं नाव मी इथे लिहीत नाही. हे कोणी वाचेपर्यंत तीही जुनी झालेली असेल.

इथली नोकरी गेली तर चेन्नई गाठावी लागणार. मला ती नको होती असं नाही. पण अप्पांना जिना उतरवायला माणूस लागायचा, आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी गेले तर ती दोघं काय करतील हा विचार मी मनात पुरता येऊच देत नव्हते.

आता प्रश्न असा की शिकायचं कशावरून? ज्यांच्या घरी दादा इंजिनियर असतो, आत्या प्राध्यापक असते, त्यांना हा प्रश्न इतका मोठा वाटत नसेल. कोणीतरी म्हणतं, हे वाच, ते सोड. माझ्या घरात असं म्हणणारं कोणी नव्हतं. कॉलेजात काय वाचायचं ते ठरवून दिलेलं होतं. मोकळं सोडल्यावर कळलं, की शिकायला येतं मला. काय शिकायचं ते निवडायला कोणी शिकवलेलंच नाही.

मी फोनवर व्हिडिओ बघायला लागले. एक तमिळ माणूस फार छान समजवायचा, पण खरी अडचण आली की ‘ते पुढच्या भागात’ म्हणायचा, आणि पुढचा भाग त्याने केलेलाच नव्हता. एक इंग्रजीतली बाई इतकी भरभर टाइप करायची की मी नुसती बघत राहायची, आणि बघून झालं की वाटायचं आपल्याला आलं. कॉम्प्युटर उघडून बसलं की पहिली ओळही सुचायची नाही. मग दुसरा व्हिडिओ. मग तिसरा.

अप्पा हे रोज बघत होते. ते सकाळी आंघोळ करून विठ्ठलापुढे पोथी वाचतात. एक अध्याय, त्याच पाटावर, त्याच वेळी. मी शेजारी फोन घेऊन बसलेली. एकदा पोथी मिटता मिटता म्हणाले, “रोज नवी पोथी उघडशील तर पारायण कधी व्हावें गे?”

आमच्या घरात हा मोठा नियम आहे. वाचायला घेतलेली पोथी मध्ये सोडायची नाही. समजो न समजो, शेवटच्या अध्यायापर्यंत जायचं, समाप्तीला नैवेद्य करायचा. मला ते पटलं. व्हिडिओ बंद केले आणि महामहम् तळ्याजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्या भाषेवरचं एक जाड पुस्तक घेऊन आले. इंग्रजी, परदेशी छपाईचं, कोणीतरी पेन्सिलीने खुणा केलेलं. किती जुनं आहे ते मी उलटून पाहिलं नाही. चांगलं पुस्तक जुनं असतंच, असं मला वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी सरस्वतीपूजा होती. त्या दिवशी आमच्याकडे सगळी पुस्तकं देवापुढे मांडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी एक अक्षर वाचत नाही. अप्पांनी त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुंकू लावलं, हळदीच्या अक्षता टाकल्या. विजयादशमीला सकाळी पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, “हें सोडायचें नाही.”

मी सोडलं नाही. रोज सकाळी ते त्यांच्या पाटावर, मी माझ्या. पहिल्या काही धड्यांत मजा आली. मग पुस्तकात लिहिलंय तसं टाइप केलं तरी कॉम्प्युटर चालवायला तयार होईना. एकेक ओळ पुस्तकाशी ताडून बघितली. चूक माझीच असणार, छापलेल्याची कशी असेल? शेवटी उमगलं की कॉम्प्युटरवर त्या भाषेची नवी आवृत्ती होती आणि पुस्तक जुन्या आवृत्तीचं होतं. इथे कोणी शहाण्याने पुस्तक बदललं असतं. मी कॉम्प्युटर बदलला. शोधून शोधून जुनी आवृत्ती आणून बसवली. लगेच सगळं चालायला लागलं. इतका आनंद झाला की आईला बोलावून दाखवलं. तिने ओल्या हाताने पदर सावरत पडद्यावरचे आकडे बघितले आणि म्हणाली, “बरें दिसतें.”

डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना लागल्यावर पुण्याहून सरावासाठी एक छोटं काम आलं. मी ते सगळ्यांच्या आधी करून पाठवलं. आमचं काम तपासायला तिकडे एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांचा फोन आला. मी मराठीत बोलते हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या मराठीतच बोलल्या. माझा प्रोग्राम त्यांच्याकडे चालतच नव्हता. मी म्हटलं, माझ्याकडे चालतो. त्यांनी कुठली आवृत्ती आहे ते विचारलं. मी सांगितलं. मग त्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, पण हसणंच होतं.

“राग मानू नका हं,” त्या म्हणाल्या, “पण तुमचं मराठी आमच्या पणजोबांच्या पत्रातलं, आणि प्रोग्रामही त्यांच्याच काळातला.”

मी त्यांना सांगितलं, “मराठी जुनें आहे तें असूं दे. तें मी बदलणार नाही. प्रोग्राम बदलतें.”

पलीकडून हसू थांबलं. त्या म्हणाल्या, तुम्ही बरोबर बोललात. मग त्यांनी समजावलं की ती जुनी आवृत्ती आता कोणी सांभाळत नाही, तिच्यातल्या कित्येक गोष्टी काढून टाकल्यात. जे लोक ती भाषा बनवतात त्यांनीच लिहिलेलं मार्गदर्शन फुकट आहे, ते वाचा. रुक्ष आहे, पण आजचं आहे.

फोन ठेवल्यावर मात्र मला बसवेना. उत्तर ताठ दिलं होतं, पण सकाळची सगळी बैठक वाया गेली होती, आणि पोंगल तोंडावर आला होता. त्याहून जड गोष्ट म्हणजे ते पुस्तक. संपायला थोडेच धडे उरले होते. त्याच्यावर अप्पांच्या हातचं कुंकू होतं. दोन दिवस मी ते उघडत राहिले, हे चुकीचं आहे हे माहीत असून. याला कोणी हसेल. हसू दे. ज्या घरात पुस्तक विकत येणं हीच मोठी गोष्ट असते, तिथे ते बाजूला ठेवणं सोपं नसतं.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलं, पाटावर बसून नुसती पानं काय बघतेस? मी सगळं सांगितलं. हे पुस्तक आता चालत नाही, हे वाचून मला काम मिळणार नाही, आणि तुम्ही सोडायचं नाही म्हणालात. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वळले आणि देवघराच्या वरच्या फळीकडे बोट केलं.

तिथे रेशमी फडक्यात बांधलेली आमची मूळ पोथी असते. मोडी अक्षरातली. तिला रोज फूल वाहतात, पण ती वाचता येणारं माणूस घरात उरलेलं नाही. पणजोबांना येत होती. त्यांनी वाचून दाखवली आणि आजोबांनी ती स्वतः शाळेत शिकलेल्या तमिळ अक्षरांत उतरवून घेतली, मराठीच, पण तमिळ लिपीत. अप्पा रोज वाचतात ती आजोबांच्या हातची. हे मी जन्मापासून बघत आले होते.

“पूजेची ती,” अप्पा म्हणाले. “वाचायची ही. दोन्ही एकच कशाला असावी?”

“पण तुम्ही सोडायचें नाही म्हणालांत.”

“सोड कोण म्हणतो? वर ठेव. वाचायला दुसरी आण.”

एवढंच. त्यांनी परत पोथीत डोकं घातलं. मी स्टुलावर चढून ते जाड पुस्तक फडक्यातल्या पोथीशेजारी ठेवलं.

पुण्याच्या बाईंनी सांगितलेलं मार्गदर्शन मी त्याच पाटावर वाचायला घेतलं. ते गोड बोलत नव्हतं. ‘सोपं आहे’ असं कुठेच म्हणत नव्हतं. पण कुठलं पान कुठल्या आवृत्तीचं, ते वरच लिहिलेलं असायचं, आणि कुठे चुकू शकतं तेही सांगितलेलं. यानंतर मी कुठलीही गोष्ट शिकायला घेतली की आधी हे दोन्ही बघते; शिकवणाऱ्याचा आवाज मागाहून. एक पान वाचायचं, मिटायचं, आणि न बघता काहीतरी स्वतःचं लिहून चालवायचं. जमलं नाही तर परत ते पान. घोकंपट्टी मला लहानपणापासून येते, तिचा मला कमीपणा नाही, पण इथे तिच्यावर विसंबून चालत नव्हतं. समजलेलं मी वहीत मराठीत लिहायची. अक्षरं मात्र तमिळ आली. हात आपसूक तिकडेच गेला.

बाहेर मार्गळीतल्या मोठ्या रांगोळ्या पडायच्या, गल्लीतून भजनं जायची. मी त्या वर्षी एकदाही रांगोळीला दारात बसले नाही. आईने माझ्या वाट्याची रांगोळी घातली आणि बोलून दाखवलं नाही.

पोंगलनंतर काम आलं. माझ्याकडून पूर्ण झालं, पण सगळ्यांच्या आधी नाही. या वेळी पाठवण्याआधी मी ते ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या कॉम्प्युटरवर चालवून बघितलं. चाललं. काही दिवसांनी पुण्याच्या बाईंचा निरोप आला, एका ओळीचा: इकडे चालतंय, सोमवारपासून नवं काम तुमच्याकडे. शेजारच्या मुलीला तिचं काम जमलं नाही, ती ऑफिसात राहिली नाही. ती चेन्नईला गेली. हे लिहिल्याशिवाय माझ्या राहण्याबद्दल लिहिणं बरं दिसणार नाही.

घरी येऊन सांगितलं तेव्हा अप्पा डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत राहिले. मग विचारलं, “ती दुसरी पोथी झाली वाचून?”

“तिला शेवटचा अध्याय नाही, अप्पा. बनवणारे बदलत राहतात ती. आज वाचलें तें पुढच्या वर्षी निराळें.”

ते विचारात पडले. असली पोथी त्यांनी ऐकलेली नव्हती. “मग समाप्ती कशी करायची?” ते म्हणाले. “नैवेद्य कधी?”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात गोड पोंगलाची, म्हणजे गूळ घातलेल्या भाताची वाटी होती, वर तुपात तळलेले काजू.

“आज,” ती म्हणाली. “केलाय मी.”

तिने वाटी देवापुढे ठेवली. अप्पांनी पाणी फिरवलं. फडक्यातल्या पोथीला एक फूल वाहिलं, आणि मग, हात आखडत नाही हे दाखवायला असेल किंवा सहजच असेल, दुसरं फूल शेजारच्या जाड इंग्रजी पुस्तकावर ठेवलं.