टचअपकाकांचा कागद

टचअपकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या गाडीकडे बघत. मला ते पहिल्यांदा भेटले ते शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. म्हणजे आरतीला नव्हे, आरती चालू असताना बाहेर पार्किंगमध्ये. मी रीतीप्रमाणे उशिरा पोचलो, तर हे सत्तरीचे गृहस्थ, अंगात झब्बा, पायात मुलाचे जुने पळायचे बूट, हात पाठीमागे बांधून माझ्या गाडीला प्रदक्षिणा घालत होते. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मागच्या बंपरचा कोपरा अंगठ्यानं चाचपत म्हणाले, "एकटा राहतोस का रे?" मी हो म्हणालो. "वाटलंच. मागे उभं राहून 'बास, बास' म्हणणारं कोणी नाही. एकाच खांबाला तीनदा घासलीयेस." अपार्टमेंटच्या तळघरातला पिवळा खांब त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मी इतका खजील झालो की आरती संपेपर्यंत बाहेरच थांबलो.

त्यांचं नाव वसंतराव. राहणार चिंचवड. पिंपरीच्या एका मोटारकारखान्यात रंगखात्यात उभी हयात गेलेली. बायको गेल्यावर मुलगा, मिलिंद, त्यांना इकडे घेऊन आला. इकडे आलेले आईवडील जे करतात ते त्यांनी एक हिवाळाभर केलं. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडलं, मॉलमध्ये चकरा मारल्या, पुण्याच्या बातम्या दोनदोनदा ऐकल्या. बर्फ वितळल्यावर मिलिंदच्या गाडीच्या दारावरचा ओरखडा त्यांनी गराजमध्ये बसून असा काही नाहीसा केला की मिलिंदनं त्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या शनिवारी दारात तीन गाड्या उभ्या होत्या आणि वसंतराव सगळ्यांचे टचअपकाका झाले.

त्यात नवल नव्हतं. आमच्यातलं कोणी ना कोणी सतत गाडी विकत असतं. कोणाचा व्हिसा संपतो, कोणाला फ्रीमाँटला नोकरी लागते, कोणाला दुसरं मूल झाल्यावर मोठी गाडी हवी असते. आणि विकायच्या गाडीवर ओरखडे असतातच. दुकानातल्या ढकलगाड्या, शेजारच्याची दारं, बर्फ खरवडताना पत्र्यावर गेलेला हात. बॉडी शॉपवाला नुसतं बघायला आठवडा लावणार. त्यापेक्षा काका.

काका ओरखड्यावरून आडवं नख फिरवत. "नख अडलं तर रंग, नाही अडलं तर नुसतं पॉलिश." मग दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरून रंगाचा नंबर उतरवून घेत, जागा स्पिरिटनं पुसत आणि टूथपिकच्या टोकानं रंगाचा एकेक ठिपका सोडत. ब्रशला हात लावत नसत. एक थर, मग वाळेपर्यंत गप्पा, मग दुसरा थर. वर पारदर्शक थर, आणि तो घट्ट झाला की पाण्यात भिजवलेल्या बारीक कागदानं घासणं. कोणी घड्याळ बघितलं की म्हणत, "हे तुमच्या कॉम्प्युटरचं बटण नाही बाबा. वाळतंय. तू पण जरा वाळ." घरी जाऊन दुसऱ्या दिवशी येऊ का असं विचारलं तर नाही म्हणत. गाडीच्या मालकानं समोर बसलंच पाहिजे. त्या गराजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून मी त्यांच्याकडून जेवढं ऐकलं, तेवढं माझ्या वडिलांकडूनही ऐकलं नसेल.

मोबदला म्हणाल तर एक फेरी. काम झालं की त्या गाडीतून त्यांना शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर न्यायचं. तिथे ते ओली हळद, पोहे आणि खारे दाणे घेत आणि येताना खिडकी खाली करून बसत. शिकागोच्या थंडीतही खिडकी खाली. "चाकाचा आवाज ऐकतोय," म्हणत. मला वाटतं त्यांना घराबाहेर पडायचं असायचं, दुसरं काही नाही. मिलिंदला वेळ नसायचा आणि सांगायचा संकोच यांना.

आणि कागद. वहीचं एक पान, निळ्या पेननं, वर मराठीत आणि खाली मोडक्या इंग्रजीत: कुठल्या जागी ओरखडा होता, तिथे काय केलं, नवीन मालकानं कशाकडे लक्ष ठेवावं. हा कागद ते स्वतः ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सनशेडला चिमट्यानं लावत. "विकणारा जातो निघून," ते म्हणत. "गाडी घेणाऱ्याच्या दारात राहते. त्याला माहीत नको?" सुरुवातीला लोक कुरकुरले. आपणच आपल्या गाडीचे दोष लिहून द्यायचे म्हणजे काय? पण झालं उलटंच. पुण्या-नागपूरहून नव्यानं आलेली पोरं ग्रुपवर विचारायला लागली, काकांचा कागद आहे का? असला तर गाडी दोन दिवसांत जायची. काकांनी ज्या गाडीवर लिहिण्यासारखं काही नाही म्हटलं, ती तर एका दिवसात.

गंजाला मात्र ते हात लावत नसत. इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. वरून रंगाला बारीकसा फोड दिसतो, बस. काका त्या फोडावर अंगठा दाबत आणि तो आत गेला की हात झटकून उभे राहत. "हे माझं काम नाही. ताप असलेल्या पोराला पावडर लावून शाळेत पाठवायचं का?" भले भले इंजिनियर गयावया करून परत गेले होते.

मी परत गेलो नाही. माझी नोकरी गेली त्या वसंतात. व्हिसावर असलेल्या आमच्यासारख्यांची नोकरी जाते तेव्हा साठ दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा. मी अर्ज करत होतो आणि एकीकडे सामान विकत होतो. सोफा गेला, टीव्ही गेला, राहिली गाडी. ती काकांकडे नेली. त्यांनी पिवळ्या खांबाच्या नव्या खुणा बघितल्या, हसले, मग डाव्या दाराखाली वाकले. चाकांच्या मधल्या त्या लांब पट्टीवर फोडांची रांग होती. अंगठा दाबला, तो आत गेला. काका उठले.

मी रडलो. पस्तिशीचा माणूस, त्यांच्या नातीच्या सायकलीला टेकून रडलो. सगळंच खोटं नव्हतं. पण थोडं त्यांना दिसावं म्हणूनही रडलो, हे आता लिहायला हरकत नाही. काका बराच वेळ चिंधीला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "समीर, वरून नीट करून देतो. आतून ती गेलेलीच आहे, ते माझ्या हातात नाही. पण कागदावर लिहिणार. आणि तो कागद गाडीबरोबर जाणार. कबूल?"

"कबूल काका."

दोन दिवस लागले त्यांना. गंज घासला, औषध लावलं, भोकांत लांबीची पुट्टी भरली, रंग दिला. पट्टी कारखान्यातून नुकती आल्यासारखी झाली. कागदावर त्यांनी लिहिलं: "डाव्या दाराखालची पट्टी आतून गंजलेली आहे. वरून फक्त रंग आहे. या जागी जॅक लावू नये. हिवाळ्याआधी बदलून घ्यावी." बदलून घ्यावीच्या खाली दोन रेघा मारल्या. कागद सनशेडला लावला आणि त्या वेळी डेव्हनला यायला नको म्हणाले. दमलोय, म्हणाले.

गाडी घ्यायला सायली आली. पुण्याची, पहिली नोकरी, पहिली गाडी. ती येण्याआधी पाच मिनिटं मी कागद काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. तिनं सनशेड खाली करून बघितली. "समीरदादा, काकांचा कागद असतो ना? सगळे म्हणाले बघून घे."

"अगं, लिहिण्यासारखं काही नव्हतंच," मी म्हणालो. "बंपर तेवढा टचअप केला. काकांच्याच हातची गाडी आहे."

तिचा चेहरा असा खुलला की तिनं भावसुद्धा केला नाही.

नशीब बघा. साठातले पाचच दिवस उरले असताना मला नोकरी लागली. शॉमबर्गमध्येच. मी राहिलो, दुसरा सोफा आणला आणि गाडीचं विसरूनही गेलो. फेब्रुवारीत सायलीनं चाकं बदलायला गाडी गराजवाल्याकडे नेली. त्यानं जॅक लावला आणि पट्टी खारी बिस्किटासारखी चुरली. गाडी एका अंगावर बसली. कोणाला लागलं नाही. पण त्यानं खालचे फोटो काढून दाखवले आणि ही दुरुस्तीपलीकडे आहे म्हणून सांगितलं.

तिचा फोन मला आला, रडतच. "दादा, तुम्हाला माहीत होतं का हो?"

या प्रश्नाला दोन उत्तरं होती. मी म्हणालो, "छे गं! काकांनी मला काही सांगितलंच नाही."

पुढचं काम ग्रुपनं केलं. चुरलेल्या पट्टीचा फोटो आला आणि खाली एकेकाला आठवायला लागलं. कोणाच्या दाराचा रंग वर्षात फिका झाला होता. कोणाला तेव्हाच शंका आली होती. "फुकट करून देतो म्हणजे काहीतरी असणारच यार." ज्यांच्या गाड्या त्या कागदावर विकल्या गेल्या, त्यांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. मीही त्यांतलाच एक.

मंडळाचे सेक्रेटरी, देशमुख, टचअपकाकांना विचारायला गेले तेव्हा जुना मालक म्हणून मलाही बरोबर घेऊन गेले. जावं लागलं. गराजचं दार उघडं होतं आणि काका पालथ्या डब्यावर बसून एक आरसा पुसत होते. देशमुखांनी फार सौम्यपणे विचारलं, "काका, गंज झाकला ते झाकलं, पण कागद का नाही दिला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. गाडीकडे नाही, माझ्याकडे. मी फळीवरचे पॉलिशचे डबे वाचत होतो. मग ते देशमुखांना म्हणाले, "पट्टी मी रंगवली. रंगवायला नको होती."

"आणि कागद?"

"माझं बोलून झालं," काका म्हणाले आणि आरसा पुसायला लागले.

बाहेर आल्यावर देशमुख म्हणाले, "बघ, कबूल केलं म्हाताऱ्यानं." मी मान हलवली.

मिलिंदनं त्याच आठवड्यात सगळं बंद केलं. "बाबा, दिस इज लायबिलिटी. उद्या कोणी स्यू केलं तर घर जाईल आमचं." रंगाच्या बाटल्या, घासायचे कागद, दिवा, सगळं खोक्यात भरून गावाच्या कचराकेंद्रावर दिलं. त्यानंतर काका मला एकदाच दिसले, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये. सुनेच्या मागून पिशवी घेऊन चालले होते. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या आणि काकांची नजर जमिनीवर. मी माझ्या गाडीत खाली वाकून बसलो.

उन्हाळ्यात ते कायमचे परत चिंचवडला निघाले. मिलिंदची मीटिंग होती आणि त्याला माझी आठवण झाली. "तू बाबांच्या क्लोज होतास ना? ओहेअरला सोडशील का प्लीज?" सोडलं. चाळीस मिनिटं काका सीटबेल्टला धरून समोर बघत होते. खिडकी वर होती. विमानतळावर बॅगा उतरवल्या आणि मागचा पोलीस पुढे व्हा म्हणून हात करायला लागला तेव्हा मला कंठ फुटला. पुढे काही बोलावंच लागू नये म्हणून मी बरोबर तीच वेळ निवडली असणार.

"काका, तो कागद मी काढला होता."

"मला माहीत नाही का ते?" काका म्हणाले. आवाज चढला नाही. "मीच लावला होता ना तो. मला काय सांगतोस? त्यांना सांग."

"सांगतो काका."

"आधी ग्रीन कार्डाचं वगैरे बघतो, मग सांगतो, असं करू नकोस."

असंच केलं. आधी वाटलं, नवी नोकरी आहे. मग वाटलं, सायलीनं दुसरी गाडी घेतलीय, आता कशाला जुनं उकरायचं. मग ग्रीन कार्ड आलं आणि कारणं संपली, तरी सांगितलं नाही. तोपर्यंत न सांगणं अंगवळणी पडलं होतं. चिंचवडला मी एकदाही फोन केला नाही. ते जिवंत असेपर्यंत त्यांनी माझी चौकशी केली की नाही, हेही मला माहीत नाही. विचारणार कोणाला?

या वर्षी ते गेले. मिलिंदनं ग्रुपवर कळवलं आणि मंडळानं लायब्ररीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी शोकसभा ठेवली. वीसेक माणसं आली. देशमुख म्हणाले, माणूस कष्टाळू होता, हातात कला होती. सायली म्हणाली की तिची आणि त्यांची ओळख फार नव्हती, पण आता तिच्या मनात राग नाही, म्हाताऱ्या माणसाकडून होते एखादी चूक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मिलिंद खाली बघत होता. बापाबद्दल इतकं चांगलं कोणी बोलेल याची त्याला अपेक्षा नसावी.

मग माझं नाव घेतलं. मी उठलो. सांगायचं ठरवून गेलो होतो, वाक्यं पाठ केली होती. समोर मिलिंद होता, त्याच्या शेजारी सायली. मी आरतीच्या वेळचा, पिवळ्या खांबाचा किस्सा सांगितला. लोक मनापासून हसले. मिलिंदसुद्धा हसला आणि त्यानं डोळे पुसले. मी अजून दोन किस्से सांगितले आणि बसलो.

नंतर चहाच्या टेबलापाशी सायली माझ्याजवळ आली. माझ्या हातात कप देत म्हणाली, "दादा, तुम्ही किती मोठ्या मनानं बोललात त्यांच्याबद्दल. फसवलं तर तुम्हालाही होतं त्यांनी."

मी थँक्यू म्हणालो आणि चहा घेतला.