खुंटीवरचं जॅकेट

मी वाडी ठाण्यात होतो तेव्हाची ती दुपार आजही जशीच्या तशी आठवते. अमरावती रोडच्या बाजूला, गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिथल्या एका खोलीत नशेची इंजेक्शनं विकली जातात, अशी खबर ठाण्याला मिळाली. खबर देणारा जुना आणि भरवशाचा होता. पंच सोबत घेऊन आम्ही छापा टाकला.

चाहूल लागताच खोलीतले लोक मागच्या दाराने पळाले. एक माणूस तेवढा जागेवर बसून राहिला. त्याच्या पिशवीत नव्या, सीलबंद सुया होत्या. नशेचा माल मात्र कुठेच सापडला नाही. खुंटीवर कोणाचं तरी जॅकेट राहिलं होतं. आमच्या हवालदारांनी नेहमीप्रमाणे खिशात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब होता. खिशात वापरलेली, उघडी सुई होती.

हवालदार म्हणजे दंगलीत दगड खाऊनही हसणारा माणूस. त्या दिवशी गाडीत ते बोटावर पाणी ओतत राहिले. घरी पहिली नात नुकतीच जन्मली होती. ठाण्यात उतरताना एवढंच म्हणाले, "साहेब, आता पोरीले हातात कसं घेऊ?"

ज्याची सुई होती त्याचं रक्त तपासलं, तर एचआयव्हीचा धोका किती ते कळणार होतं. म्हणून मी पिशवीवाल्याची चौकशी सुरू केली. पूर्वी तो स्वतः नशा करायचा. आता ती सोडून एका संशोधनात काम करत होता. नशा करणाऱ्यांना नवी सुई द्यायची, वापरलेली परत घ्यायची आणि त्यामुळे रोगांचा फैलाव किती कमी होतो ते पाहायचं, असं ते संशोधन.

"जॅकेट कोणाचं?"

"नाही सांगत साहेब."

"काहून? यार आहे तुझा?"

"यार-बिर नाही जी. नाव सांगतलं त उद्यापासून कोनी माह्याजवळ येनार नाही. एकच सुई सगळे वापरतीन."

मी आवाज चढवला. मग चहा मागवला. चौकशीत यातलं काहीतरी लागू पडतंच. त्याने चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि पुन्हा भिंतीशी बसला.

तेवढ्यात त्या संशोधनाच्या प्रमुख, एक डॉक्टर मॅडम, ठाण्यात आल्या. आपल्या माणसाबद्दल काही विचारण्याआधी म्हणाल्या, "हवालदारांना संसर्ग रोखायचं औषध सुरू केलं का?" आम्ही केलं नव्हतं. आधी चौकशी, मग बाकीचं, असा आमचा क्रम. "नावाची वाट बघू नका," त्या म्हणाल्या. "औषध आत्ताच सुरू व्हायला हवं. सुई ज्याची, त्याची तपासणी चांगली आली तर थांबवता येईल." हवालदारांना तातडीने सरकारी रुग्णालयात पाठवलं.

मग मी त्यांना विचारलं, वापरलेली सुई कोणी उघडी खिशात का ठेवतं?

"सुई टाकायला आम्ही प्रत्येकाला जाड प्लास्टिकचा डबा देतो. तो डबा दिसला की तुमचे शिपाई माणूस उचलतात. मग लोक डबा फेकतात आणि सुई लपवतात."

खरं होतं. सुई बाळगणं हा गुन्हा नव्हे, पण पंचनाम्यात तो डबा वजनदार दिसायचा.

मी वरिष्ठांशी बोललो, पिशवीवाल्याला सोडलं आणि सांगितलं, "जॅकेटवाल्याला म्हणावं, मॅडमच्या केंद्रात रक्त दे. नाव आम्हाला नको. जॅकेटात माल नव्हता, तेव्हा त्यावरून गुन्हाही नाही."

"शब्द देता साहेब?"

"दिला."

साहेबांनी हातातलं पाखरू उडवलं, अशी कुजबुज ठाण्यात झाली. माझ्या कानावर यावी इतपत मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे एक किडकिडीत माणूस येऊन उभा राहिला. ट्रकवर क्लीनर असावा. हाताच्या लवणीत कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

"हवालदार काका कोन व्हय?"

औषधाने मळमळत असलेले हवालदार बाकावरून उठले.

"मी रक्त देऊन आलो काका. ते जॅकेट माहं व्हय. बाकी काही विचारू नका."

हवालदारांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "काल काहून नाही थांबला गा? मले ह्या गोळ्या गिळा लागल्या नसत्या."

"तुमाले पाहून कोन थांबते काका?"

अख्खं ठाणं हसलं. हवालदारही हसले. जॅकेट त्याच्या हातात देत म्हणाले, "घेऊन जाय. अन् खिशात भाकर ठेवत जाय, सुई नको."

त्याची तपासणी चांगली आली. औषध थांबलं, हवालदारांच्या पुढच्या तपासण्याही स्वच्छ निघाल्या. मूल उचलल्याने काही होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. तरी निकाल येईपर्यंत त्यांनी नातीला हात लावला नाही. इंजेक्शनं विकणारा पुढे हिंगण्याच्या बाजूला सापडला. खबर कोणी दिली ते लिहीत नाही. ती धाकाने काढलेली नव्हती, एवढं सांगतो.

त्यानंतर आमच्या ठाण्यात झडतीआधी विचारायची रीत पडली, "खिशात सुई आहे का? असेल तर सांग, तिच्यावरून काही करणार नाही." बहुतेक जण खरं सांगत. घाबरलेला माणूस पळताना मागे काय टाकून जातो आणि ते कोणाला टोचतं, हे मला त्या खुंटीने शिकवलं.

गेल्या महिन्यात हवालदार गेले. दुपारी जेवून पडले, ते उठले नाहीत. तेरवीला जरीपटका भागातल्या त्यांच्या घरी गेलो, तर पाणी घेऊन त्यांची तीच नात आली, आता शाळकरी मुलगी. मी काही विचारण्याआधी तीच म्हणाली, "तुमी साहेब ना? आबा तुमच्याबद्दल सांगत. मले बाजारात कधी चालूच देत नव्हते, खांद्यावरच बसवून नेत."